शिस्त बरोबर होती

आप्पांचा डावा डोळा काचबिंदूनं गेला, तेव्हा मी भवानी पेठेतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात बसून अख्ख्या सोलापूरला डोळे तपासून घ्यायचे सल्ले देत होते. विड्या वळणाऱ्या तेलुगू बायका यायच्या, सुईत दोरा न जाणारे शिंपी यायचे, त्यांना मी दटावून डॉक्टरकडं पाठवायचे. आणि घरात माझे वडील भिंतीला हात लावत मोरीकडं जात होते, ते काही मला दिसलं नाही. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. कळलं तेव्हा डाव्या डोळ्यात उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं.

उजव्यात मोतीबिंदू होता. आमच्या धंद्यात ही आनंदाची बातमी. मोतीबिंदू काढता येतो, नजर परत येते. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणा, संध्याकाळी घरी घेऊन जा. आप्पा खुर्चीतून उठता उठता म्हणाले, "उजव्याला हात लावायचा न्हाय."

"का?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं समजावलं. मोतीबिंदू असाच ठेवला तर पिकत जाईल, एक दिवस आत दाब वाढेल, नस मरेल. मग ऑपरेशन करूनही काही दिसणार नाही. एक डोळा तर गेलेलाच होता. म्हणजे माझा बाप डोळ्यादेखत ठार आंधळा व्हायला निघाला होता, आणि कारणही सांगत नव्हता.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. रोज सकाळी चहाबरोबर डोळा, रात्री भाकरीबरोबर डोळा. मी भांडले, रडले, ताट आपटलं, दोन दिवस बोलणं टाकलं. नवऱ्यानं समजावून पाहिलं आणि हात टेकले. आप्पा ऐकून घेत आणि टोपी नीट करून दुकानाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसत. शेवटी शेवटी मी इतकी वैतागले की गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "आंधळं होऊन माझ्याच गळ्यात पडायचंय ना तुम्हाला?" त्यावरही ते टोपी नीट करून बाकड्याकडं गेले.

आम्ही सांगोल्याकडचे. घरी मेंढरं, पावसाच्या भरवशावरची थोडी जमीन. आप्पा मिसरूड फुटायच्या वयात भरती झाले आणि हवालदार होऊन परत आले. नंतर बरीच वर्षं कुर्डुवाडीत वॉचमनची नोकरी केली. आई गेल्यावर मी त्यांना सोलापुरात आणलं. गावाकडं त्यांची ओळख एकाच गोष्टीसाठी होती. पलटणीत ते दुर्बिणीच्या रायफलीवर होते, आणि सीमेवरच्या एका चौकीवरून त्यांनी लांबच्या लांब एक माणूस एका गोळीत पाडला होता. गावात ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी होती. दर सांगणाऱ्यागणिक अंतर वाढायचं.

पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना खुर्ची असायची. हेडमास्तर आग्रह करकरून दोन शब्द बोलायला उठवायचे. आप्पा उभे राहायचे, समोरच्या पोरांच्या डोक्यावरून कुठंतरी बघायचे आणि म्हणायचे, "शिस्त माझी बरोबर हुती." बसले खाली. एवढंच भाषण. मग हेडमास्तर ते वाक्य पकडून आम्हाला धुवून काढायचे. ऐकलंत ना? शिस्त! नखं कापता का? रांगेत उभं राहता का? आम्ही नखं लपवायचो. घरीही तेच. चपला वाकड्यातिकड्या पडल्या की आई म्हणायची, तुझा बाप एवढा शिस्तीचा, आणि तू कुणावर गेलीस गं? आप्पा तेव्हा ओट्यावर बसलेले असायचे. आईला त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही.

एरवी घुम्या असलेला हा माणूस त्या रायफलीचा विषय निघाला की मात्र सुटायचा. थ्री नॉट थ्री, पण साधी नव्हे. कारखान्यात एवढ्या रायफली बनायच्या, त्यातल्या ज्यांच्या गोळ्या एकमेकींना धरून पडतात तेवढ्याच निवडून काढलेल्या. मग त्यांचं लाकूड पुन्हा हातानं बसवायचं, दस्त्यावर गाल टेकायला लाकडाचा उंचवटा लावायचा, डाव्या अंगाला दुर्बीण चढवायची. दुर्बीण काही फार जवळ दाखवायची नाही, तिप्पट, बस्स. पण दुर्बीण आणि रायफल यांची जोडी लागलेली असायची. दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या लाकडावर ठोकलेला. एकीची दुर्बीण दुसरीवर चढवली की सगळा हिशेब चुकला.

"चारशे यार्डावर," ते म्हणायचे, "सगळ्या गोळ्या भाकरीएवढ्या जागेत. त्यांच्या हातात आली तवा ती माझ्यापेक्षा वयानं थोरली हुती." वाक्य असं गडबडायचं, कारण ते स्वतःबद्दल बोलताना मधेच 'तो जवान', 'त्यांचा हात' असं म्हणायला लागायचे. आम्हाला त्याची सवय झाली होती.

तिच्या खोड्याही सांगायचे. लाकूड ओल पितं. पावसाळी हवेत फुगतं, नळीला एका अंगानं दाबतं, आणि कालपर्यंत बरोबर जाणारी गोळी आज हातभर सरकते. नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडं जाते, म्हणून चिंदी फिरवून नळी कोरडी करायची. नवी दुर्बीण लावली की ठरल्या अंतरावर गोळ्या मारून, बघून, ती जुळवून घ्यायची. त्याला ते झिरो करणं म्हणत. झिरो न केलेली रायफल म्हणजे नुसता आवाज, असं त्यांचं मत होतं. मला हे सगळं पाठ होतं. दुसऱ्याचा चष्मा घालून वाचायला बसणारी माणसं मी रोज बघते, त्यामुळं जोडीची गोष्ट तर मला पटकन कळायची.

गेल्या नोव्हेंबरात एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. अक्कलकोटच्याही पलीकडचे, बोलण्यात कानडी हेल. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला शहरात आले होते आणि बसमधून उतरताना चष्म्याची काडी मोडली होती. मी काडी बसवत होते. एवढ्यात ते बाहेर बाकड्याकडं बघत राहिले, मग उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "राम राम, हवालदारसाब."

आप्पांनी आवाजाकडं तोंड फिरवलं. थोडा वेळ काही कळलं नसावं. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले. म्हातारे त्यांचे पलटणीतले जोडीदार निघाले. आप्पा रायफलीवर, हे दुर्बीण घेऊन शेजारी. कितीतरी वर्षं एकाच खड्ड्यात पोटावर पडून काढलेली. भेट मात्र त्यानंतर आजच.

मी चहा मागवला. दोघं बाकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसले. कोण गेलं, कोण उरलं, हे बोलून झालं. आप्पांना इतकं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणाले, "काका, तुम्ही तरी सांगा यांना. डावा गेलाय, उजव्याचं ऑपरेशन करू देत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांत तोही जाईल."

"कुठला?"

"उजवा."

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला. "अजून त्येच धरून बसला व्हय, हवालदार?" ते हळू म्हणाले. मग माझ्याकडं वळले. त्यांच्याकडं लेकीलाही मायेनं अव्वा म्हणतात, तसं मला म्हणाले, "अव्वा, तुज्या बापाचा दोष न्हाय. ती रायफल म्हातारी हुती."

मला काही कळेना. गावाला माहीत असलेली गोष्ट पराक्रमाची होती. त्यात दोष कुठून आला? मी विचारलं, आणि त्यांनी तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत सांगितलं.

चौकीसमोर एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडं कुणी आलं तर गोळी घालायचा हुकूम. पावसाची झड चालू होती. सकाळी समोरून एक माणूस मेंढरं घेऊन उतरला आणि अलीकडं आला. साहेबांनी बघून सांगितलं, खांद्यावर हत्यार आहे. आप्पा म्हणाले, साहेब, मेंढपाळ दिसतोय. साहेब म्हणाले, मेंढपाळाच्या वेशातच येतात. आणि हुकूम दिला. गोळी सुटली, माणूस पडला. नंतर गेले तर जवळ काठी निघाली.

"पण ह्यानं त्याच्यावर मारलीच नव्हती," म्हातारे म्हणाले. "बाजूच्या दगडावर धरली असणार. मला ठाऊक हाय की. रायफलीची जोडीची दुर्बीण आत वाफ धरून बिघडली हुती, ती दुरुस्तीला गेल्ती. दुसऱ्या रायफलीची लावल्याली. झिरो करायला परवानगीच न्हाय मिळाली. वर लाकूड फुगलेलं. मी चौकशीतबी त्येच बोललो. रायफल बिघडलेली, गोळी सरकली. ती रायफल जमा केली त्यांनी. मिटलं." ते आप्पांच्या गुडघ्यावर थापटत राहिले. "तू बाजूलाच धरलं हुतंस गड्या. रायफलीनं घात केला."

आप्पा म्हणाले, "न्हाय. शिस्त माझी बरोबर हुती."

म्हाताऱ्यांचा हात गुडघ्यावरच थांबला. मला मात्र राग आला. एवढी माणूस मेल्याची गोष्ट चालली आहे आणि हे पंधरा ऑगस्टचं वाक्य कसलं लावतात? मी म्हणाले, "कळलं हो आप्पा, तुमची शिस्त. हुकूम पाळलात. त्याबद्दल कुणी काही म्हणतंय का?"

"अव्वा," म्हातारे माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती शिस्त न्हवं. पलटणीत शिस्त म्हंजे नेम. साहेब हुकूम देतो, शिस्त लो. म्हंजे नेम धर. मग फायर."

आम्ही मराठी बोलणारी माणसं. शब्द कानावर पडला, आमच्या ओळखीचा निघाला, म्हणून कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं होतं म्हणे. पण आमच्यापर्यंत आली ती नखं कापायची आणि चपला ओळीत लावायची. हा माणूस वर्षानुवर्षं भर सभेत उभा राहून सांगत होता की माझा नेम चुकला नव्हता, मी ज्याला धरलं तोच पडला. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आप्पा पुढं बोलले, ते एका दमात.

"काठी मानेवर आडवी टाकून दोन्ही हात तिच्यावर लोंबते सोडले हुते त्यानं. आपली माणसं उभी ऱ्हात्यात तसं. बंदूक कुणी अशी धरत न्हाय. मला दिसत हुतं. पण हुकूम झाला. मी मनात म्हणलं, दुर्बीण हिच्या जोडीची न्हाय, झिरो न्हाय, लाकूड फुगलंय. ही कशाला लागतीय? आपण शिस्त बरोबर घ्यावी, हुकूमबी मोडायला नको, आणि गोळी जाईल कुटंबी. मी हिशेब केला हुता. बाजूला धरता आलं असतं. वीतभर. पण हातानं वाकडी शिस्त घेतली न्हाय कधी, त्या दिवशीबी घेतली न्हाय. लाकडानं गोळी एकीकडं वढली असंल, दुर्बिणीनं दुसरीकडं. दोन्ही चुका एकमेकीत जिरल्या आणि गोळी सरळ गेली. अशी सरळ ती कोरड्या हवेतबी गेली नसती."

ते थांबले. मग म्हणाले, "मालक आडवा झाला की मेंढरं बसत्यात. त्यांना वाटतं इसावा हाय. ती बसली. त्याच्या भवतीनं. उजेड जाईस्तवर बसली हुती. मला समोर बघत ऱ्हायचा हुकूम हुता. ह्या डोळ्यानं."

म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. जाताना त्यांनी काडीचं किती झालं विचारलं, मी हात जोडले. आप्पांना त्यांनी पुन्हा राम राम केला नाही. खांद्यावर हात ठेवला आणि बसस्टँडच्या बाजूला निघून गेले.

त्या दिवसापासून मी डोळ्याचं नाव काढलं नाही. मला काय वाटलं ते सरळ सांगते. कीव आली नाही. राग आला, पण कुणाचा ते ठरेना. हुकूम देणाऱ्याचा, त्या जुनाट लोखंडाचा, की हाताच्या घमेंडीपायी वीतभर बाजूला न धरणाऱ्या माझ्या बापाचा? त्या मेंढपाळाला घरी माझ्यासारखी कुणी असेल, हे मनात आलं की मी ताट सारून उठायचे. आणि तरीही आप्पा माझेच होते. मग मला वाटलं, त्यांना तो डोळा मिटवायचाच असेल तर आपण कोण? ज्यानं एवढं पाहिलं त्याला चहा-भाकरीच्या जोडीनं सतावत राहणं मला निर्दयपणाचं वाटू लागलं. नवऱ्यालाही बजावलं, आता या विषयावर एक अक्षर नको. त्यांचं त्यांना ठरवू दे.

घर एकदम शांत झालं. सकाळी मी चहा द्यायचे, पेपरातल्या दोन-चार ठळक बातम्या वाचून दाखवायचे, दुकान उघडायचे. आप्पा बाकड्यावर न बसता आत काउंटरजवळ स्टुलावर येऊन बसू लागले. मी गिऱ्हाइकांशी डोळ्यांबद्दल बोलायचे तेव्हा मान वळवून ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "डॉक्टर गुरुवारी असतो का गं?" मी म्हणाले, असतो. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, असंच विचारलं असेल, आणि मी लेन्स पुसत राहिले. मनाला तेवढं बरं वाटत होतं की आता मी त्यांना छळत नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी ते उठले तेच डोकं धरून. उजवा डोळा लालबुंद, पाणी गळतंय, उलट्या थांबेनात. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून ते कण्हत होते, आणि मी लहान मुलाला थोपटतात तसं थोपटत होते. डॉक्टरांनी बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, हेच सांगितलं होतं. दाब उतरवायला त्याच दिवशी ऑपरेशन केलं. महिनोन्‌महिने ज्याला त्यांनी हात लावू दिला नव्हता, तो पिकलेला मोतीबिंदू निघाला. दुखणं थांबलं. पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यासमोर बॅटरी धरली आणि विचारलं, उजेड कुठल्या बाजूला? आप्पांनी तोंड उलट्या बाजूला केलं.

घरी आणलं. चार-आठ दिवस नीट गेले. शेजारीपाजारी येऊन गेले. दिवसभर मी हसतमुखानं सगळं केलं. एका दुपारी जेवायला बसवताना त्यांचा हात लागून तांब्या सांडला, आणि माझा बांध फुटला. फरशी पुसता पुसता मी ओरडले, "एवढं धूसर होत होतं, तर तोंड नव्हतं का तुम्हाला? एकदा म्हणाला असता, ने मला. मी नेलं नसतं का?"

आप्पा पाटावर हात मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचे दोन्ही डोळे माझ्या आवाजाच्या जरा वर कुठंतरी लागले होते.

"त्या दिवशी सगळं सांगितलं की तुला," ते म्हणाले. "त्याच्या आदी रोज मागं लागत हुतीस. सांगितल्यावर तू एकदाबी म्हणाली न्हाईस, डोळा करून घ्या. मी वाट बघत हुतो. मागनं म्हणलं, ठीक हाय. लेकीनं ऐकलं, आणि निवाडा दिला."

मी हातातलं फडकं तसंच धरून त्यांच्यासमोर बसले. म्हणाले, "आप्पा, मी निवाडा नव्हता दिला. मला वाटलं, तुम्हालाच नकोय."

"आसंल," ते म्हणाले, आणि ताट कुठं आहे ते हातानं चाचपू लागले.